विद्यार्थ्याचा केसपेपर आणि श्रावकाचे सत्यव्रत

नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्याने निघाले की म्हसरूळ येथे गजपंथाची टेकडी दिसू लागते. सात बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून या सिद्धक्षेत्राला वंदन करण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू येतात. याच म्हसरूळच्या परिसरात, याच दिंडोरी रस्त्यावर, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये संलग्न आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य नव्या डॉक्टरांच्या पदवीवर नाशिकचे नाव असते. त्या पदवीबरोबर डॉक्टर एक बंधन स्वीकारतो. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट रुग्णाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या कानी जाऊ द्यायची नाही, असे ते बंधन आहे.

नाशिक हे आता विद्यार्थ्यांचे शहर झाले आहे. मालेगाव, मनमाड, येवला, लासलगाव, सटाणा, धुळे, नंदुरबार येथून दरवर्षी हजारो मुले-मुली येथील महाविद्यालयांत दाखल होतात. त्यांत आपल्या समाजातील मुलेही आहेत. जिल्ह्यात शिक्षणासाठी घर सोडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. चांदवडचा श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ साली सुरू झाला, तोच मुळी खेड्यापाड्यांतील मुलांना एका छपराखाली ठेवून शिकवण्यासाठी. घर सोडलेल्या मुलाला ताप आला की त्याला आईऐवजी वसतिगृहाचे अधीक्षक आणि घरच्या डॉक्टरांऐवजी महाविद्यालयाचे आरोग्य केंद्र आठवावे लागते. हे केंद्र म्हणजे बहुधा एक खोली असते. तिथे एक टेबल, एक पडदा, आठवड्यातून काही तास येणारे डॉक्टर आणि एक जाड नोंदवही असते.

समजा, अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी या खोलीत येते. पाळी चार महिने आलेली नाही. तिच्यामागे बाकावर सहा जण बसले आहेत. डॉक्टरांना पाच मिनिटे उशीर आहे, म्हणून मदतनीस बाईच विचारतात, ‘‘काय होतंय?’’ मुलगी हळू आवाजात सांगते. बाईंना ऐकू येत नाही. त्या मोठ्याने विचारतात. मुलीला पुन्हा सांगावे लागते. मग नोंदवहीत नाव, वर्ग, तक्रार असे तीन रकाने भरले जातात आणि पुढचा विद्यार्थी आपले नाव लिहिताना वरच्या ओळी वाचतो. कोणी चोरी केली नाही, कोणाच्या मनात वाईट हेतू नव्हता. तरी संध्याकाळपर्यंत मुलींच्या वसतिगृहात एक कुजबुज सुरू झालेली असते. पाळी लांबण्याची कारणे अनेक असतात. थायरॉइड, अशक्तपणा, परीक्षेचा ताण, बीजाशयाचा विकार यांपैकी काहीही असू शकते. परंतु कुजबुज एकच कारण निवडते, आणि ते कोणते हे सांगायला नको.

यानंतर ती मुलगी त्या खोलीत पुन्हा येत नाही. तिच्या मैत्रिणीही येत नाहीत. खासगीपणाचा प्रश्न चर्चेला आला की ‘लपवण्यासारखे असेल त्यालाच भीती’ असे म्हणून तो बाजूला सारला जातो. प्रत्यक्षात घाबरलेला रुग्ण उपचार टाळतो, आणि रक्तक्षय, क्षय, नैराश्य यांसारखे आजार लवकर लक्षात आले तर बरे होणारे असतात. न आलेल्या रुग्णाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

शास्त्रात हा विषय आहे

हा विचार पश्चिमेकडून आला, अशी एक समजूत आपल्याकडे आढळते. ती बरोबर नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकाच्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरात जे दिसेल, जे कळेल ते बाहेर बोलू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. ही झाली वैद्याची गोष्ट. जैन परंपरा याहून पुढे गेली. तिने हे बंधन वैद्यापुरते न ठेवता प्रत्येक गृहस्थावर घातले.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. स्वाध्याय करणाऱ्या घरांत ही नावे अनेकांना पाठ असतात. पण थोडे थांबून पाहिले तर या यादीत एक विलक्षण गोष्ट दिसते. पाचांपैकी दोन अतिचार खोटे बोलण्याचे नाहीतच. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे. साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरून, हावभावांवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून ते चारचौघांत सांगणे. दोन्हींमध्ये सांगितलेली गोष्ट खरी असू शकते. तरीही सत्यव्रताला डाग लागतो, कारण ती सांगण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा नव्हता. ‘मी खोटे थोडेच बोललो?’ हा बचाव येथे चालत नाही.

श्वेतांबर आगमांतही हा विषय आहे. उपासकदशांगाच्या पहिल्या अध्ययनात भगवान महावीर वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाला व्रतांचे अतिचार समजावून सांगतात, तेथे रहस्य उघड करणे आणि स्वतःच्या पत्नीने विश्वासाने सांगितलेले दुसऱ्यास सांगणे हे दोन्ही दोष मोजले आहेत. अठरा पापस्थानांमधील चौदावे, पैशुन्य, म्हणजे चहाडी, आपण प्रतिक्रमणात नेहमी उच्चारतो. न्यासापहार हा शब्दही येथे आठवण्याजोगा आहे. कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, असा त्याचा अर्थ. व्यापारी समाजाला ठेव म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. आजाराची माहिती हीदेखील रुग्णाने ठेवलेली ठेवच आहे, असे मानले तर हिशेब सरळ होतो.

आणि सर्वांत सुंदर विचार आहे तो आलोचनेच्या प्रकरणात. साधू आपले दोष आचार्यांपुढे सांगतो. हे ऐकण्यास पात्र आचार्य कोण? शिवार्यांच्या भगवती आराधनेत अशा आचार्यांचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत एक गुण आहे अपरिस्रावी असणे. अपरिस्रावी म्हणजे ज्याच्यातून पाझरत नाही तो. तापलेल्या लोखंडाने प्यायलेले पाणी जसे पुन्हा बाहेर येत नाही, तसे ऐकलेले दोष ज्याच्याकडून दुसरीकडे जात नाहीत, तो आचार्य अपरिस्रावी. स्थानांगसूत्रातही आलोचना ऐकणाऱ्याच्या आठ गुणांत हा गुण येतो. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांनी ज्ञान आणि आचार यांच्या बरोबरीने ‘न पाझरणे’ ही पात्रता मानली, याचे कारण उघड आहे. पाझरणाऱ्यापुढे कोणी मन मोकळे करणार नाही आणि मन मोकळे झाल्याशिवाय शुद्धी होणार नाही. डॉक्टरांच्या टेबलाला हेच लागू पडते.

न्यायालयांनी काय म्हटले

मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एक प्रकरण निकाली निघाले. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत रोजंदारीवर काम करणारा एक कामगार कायम होण्याच्या रांगेत होता. वैद्यकीय तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे आढळले. काम करण्यास तो सक्षम असूनही त्याचे नाव यादीतून गेले. तो न्यायालयात गेला, पण स्वतःच्या नावाने नव्हे. न्यायालयाने त्याला नाव झाकून दाद मागण्याची मुभा दिली. म्हणूनच कायद्याच्या पुस्तकांत तो ‘एमएक्स’ आणि कंपनी ‘झेडवाय’ या अक्षरांनीच ओळखली जाते. काम करण्यास समर्थ असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ या कारणाने नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. नाव उघड झाले असते तर तो मनुष्य खटला जिंकूनही हरला असता, हे न्यायालयाने ओळखले होते.

त्याआधी १९९६ मध्ये याच उच्च न्यायालयाने, रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात, दुसरी बाजू स्पष्ट केली. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णालयाला रुग्णाचेच कागद रुग्णाला किंवा त्याच्या आप्तांना नाकारता येणार नाहीत. पुढे २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत याला निश्चित रूप आले. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्यायचे. वैद्यकीय प्रमाणपत्रांचीही नोंदवही ठेवायची. त्याच नियमांत रुग्णाचे गुपित फोडणे हे गैरवर्तन ठरवले आहे. अपवाद मोजके आहेत. न्यायालयाचा आदेश असेल, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल, अथवा रोग सरकारला कळवणे बंधनकारक असेल, तरच ते उघड करता येते. २०२३ साली नवे नियम आले होते, पण काही दिवसांतच ते स्थगित झाले. त्यामुळे आजही २००२ चेच नियम लागू आहेत.

१९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचे वाचन मात्र आपल्या समाजाने विशेष काळजीपूर्वक करावे. एका डॉक्टरांच्या रक्ताची रक्तदानाच्या वेळी तपासणी झाली. एचआयव्हीचा अहवाल रुग्णालयाकडून इतरांपर्यंत पोहोचला. ठरलेले लग्न मोडले, लोक दूर झाले, गाव सोडावे लागले. त्यांनी रुग्णालयाविरुद्ध दाद मागितली. गुप्तता पाळणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ज्या मुलीशी लग्न होणार होते तिलाही निरोगी जीवनाचा हक्क आहे, तिला धोका असताना ही गुप्तता संपूर्ण राहू शकत नाही, असे म्हणून त्यांची मागणी फेटाळली. त्याच निकालात अशा व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काविषयी जी मते व्यक्त झाली होती ती त्या प्रकरणात आवश्यक नव्हती, असे २००२ मध्ये मोठ्या पीठाने सांगितले. पुढे एचआयव्हीविषयी स्वतंत्र कायदा झाला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे आणि संमतीशिवाय अशी माहिती देण्यावर त्याने कडक मर्यादा घातल्या आहेत. जोडीदाराला धोका असेल तेव्हा डॉक्टरांनी काय करावे, याची रीतही त्यात सांगितली आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा आरोग्याची माहिती हीही त्याच्या कक्षेत आली.

लग्नाच्या बाजारातील आजार

आपला समाज लहान आहे, आणि हेच त्याचे बळ आहे. नाशिकमध्ये कोणाच्या मुलाला डेंग्यू झाला की दुपारपर्यंत तीन घरांतून डबे पोहोचतात, रक्तदाते रांगेत उभे राहतात, ओळखीचे डॉक्टर मध्यरात्री फोन उचलतात. गुप्तता पाळायची म्हणजे हे सारे थांबवायचे काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या जाळ्यातून डबा येतो त्याच जाळ्यातून परिचय संमेलनाच्या आधी चौकशीही येते. ‘मुलगी नाशिकला शिकत होती ना? तिथे तिला काहीतरी फिट्स वगैरे येत होत्या म्हणे.’ हे ‘म्हणे’ कोठून निघाले याचा शोध घेतला, तर पुष्कळदा वसतिगृहाच्या रजेच्या अर्जाला जोडलेले वैद्यकीय प्रमाणपत्र सापडते.

अपस्मार म्हणजे फिट्सचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. त्यात १९७६ पासून अपस्माराचे वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र मानणारी तरतूद होती. १९९९ साली संसदेने ती काढून टाकली, कारण औषधांनी हा आजार आटोक्यात राहतो हे वैद्यकाने सिद्ध केले होते. कायद्याने जे एका दुरुस्तीत सोडून दिले, ते समाजाच्या तोंडून अजून गेलेले नाही.

येथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. डॉक्टरांची गुप्तता म्हणजे वधू-वरांना एकमेकांपासून आजार लपवण्याचा परवाना नव्हे. त्याच विवाह कायद्यानुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवलेली असेल, तर विवाह रद्दबातल ठरवून घेता येतो. होणाऱ्या जोडीदाराला सांगणे हे कर्तव्य आहे आणि ते ज्याचा आजार आहे त्याचे आहे. मुलीने समोरच्या मुलाला बसवून ‘मला हे आहे, मी ही गोळी घेते, तीन वर्षांत त्रास झालेला नाही’ असे सांगणे आणि मुलाच्या मावशीला ते कोणा परिचिताकडून कळणे, या दोन गोष्टी माहितीच्या दृष्टीने एकच आहेत. पण पहिली सत्य आहे आणि दुसरी रहोभ्याख्यान.

पालकांचा प्रश्न

‘फी आम्ही भरतो, मूल आमचे, मग आम्हालाच का सांगत नाहीत?’ हा प्रश्न वसतिगृहांच्या पालक सभांत हमखास निघतो. त्याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. अकरावी-बारावीचे मूल अठरा वर्षांखालील असते. त्याच्या उपचाराला पालकांची संमती लागते आणि साहजिकच पालकांना माहिती मिळते. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र रुग्ण आहे. त्याची फाइल त्याच्या संमतीवाचून वडिलांच्या हाती देणे डॉक्टरांना शोभत नाही आणि नियमांतही बसत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे सर्वांवरच बंधनकारक केले आहे. तेथे ‘समाजात बोभाटा नको’ म्हणून गप्प बसणे हा गुन्हा आहे. गुप्ततेच्या नावाखाली अपराध्याला झाकण्याची सोय कोणालाही नाही.

कायद्याची रेघ अशी स्पष्ट असली, तरी घरातली गोष्ट इतक्या सरळ रेषेत चालत नाही. एकोणिसाव्या वर्षी मुलगा कागदोपत्री सज्ञान होतो, पण ताप आला की तो आईलाच फोन करतो. चांगले डॉक्टर यातून एक मधला मार्ग काढतात. ते फाइल वडिलांना देत नाहीत. ते मुलाला विचारतात, घरी कोण सांगणार? तू सांगशील, की मी सांगू, की तू सांगताना मी शेजारी बसू? बहुतेक मुले तिसरा पर्याय निवडतात, कारण त्यांना लपवायचे नसते, तर सांगताना सोबत हवी असते. वडील येवल्याहून किंवा लासलगावहून बाजाराचा दिवस बुडवून येतात आणि मुलाच्या तोंडून ऐकतात. वसतिगृहाच्या शिपायाकडून फोनवर कळण्यापेक्षा हे कितीतरी निराळे असते. ज्या पालकाने मुलाचा शब्द असा ऐकला, त्याला पुढच्या वेळी मुलगा आधी सांगतो.

मनाच्या आजारांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा स्वतंत्र हक्क दिला आहे. तिचे छायाचित्र किंवा उपचाराची माहिती संमतीवाचून माध्यमांकडे देता येत नाही, मग ती कागदी असो की डिजिटल. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल, तर माहिती देता येते, पण तीही गरजेपुरतीच. ‘गरजेपुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, त्याला आज रात्री एकटे ठेवू नका, हे अधीक्षकांना कळले पाहिजे. ते विचार का येतात, प्रेमभंग झाला की विषय राहिला, हे अधीक्षकांना कळण्याची गरज नाही. येथे सुरक्षेसाठी सांगणे आणि कुतूहलासाठी सांगणे यांतील अंतर एका वाक्याचे असते.

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. मानसिक आरोग्याच्या कामाची नोंद ठेवावी, पण ती नावे काढून ठेवावी, हीही एक सूचना आहे. समाजाच्या ज्या शिक्षणसंस्था शंभरी ओलांडतात, त्यांच्या विश्वस्तांनी या सूचना एकदा मुळातून वाचाव्यात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर भोजनाच्या वेळापत्रकाइतक्याच ठळक अक्षरांत असायला हवा.

क्षयाचे अवघड उदाहरण

काही प्रसंगी गुप्तता पूर्णपणे पाळणे शक्यच नसते. वसतिगृहातील चौघांच्या खोलीत एकाला फुप्फुसाचा क्षय झाला, असे मानू. मे २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे. हे कळवणे म्हणजे गुपित फोडणे नव्हे, कारण तेथेही नोंद ठेवणाऱ्यांवर बंधन आहे. त्या नोंदीमुळेच मोफत औषधे मिळतात आणि पोषणासाठी मदत बँकेत जमा होते. पण उरलेल्या तिघांची तपासणी व्हायलाच हवी. त्यांना बोलावले की ते ओळखणारच. अशा वेळी अनुभवी डॉक्टर आधी रुग्णाशी बोलतात. तुझ्या मित्रांना तपासावे लागेल, तूच त्यांना सांग, सांगताना हेही सांग की औषधे सुरू झाली की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बहुधा उतरतो. मित्रांना मित्राच्या तोंडून कळले तर ते त्याच्यासाठी पाणी भरतात. सूचनाफलकावरून कळले तर खोली बदलण्याचे अर्ज येतात. संपूर्ण मजल्याला नाव कळण्याचे मात्र कोणतेही कारण नाही. भोजनगृहात त्याचे ताट वेगळे ठेवण्यालाही वैद्यकीय आधार नाही, क्षय ताटातून पसरत नाही. असे वेगळे ठेवलेले ताट सर्वांना दिसते, आणि नाव जाहीर करण्याचे काम तेच करते.

गोपनीयतेला फार मोठी यंत्रणा लागत नाही, हे सरकारी अनुभवावरूनही दिसते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील किशोरांसाठीची केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने ओळखली जातात आणि ती सरकारी रुग्णालयांतच चालतात. मुलाचे बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये आणि तो बाहेरून दिसू नये, ही या केंद्रांची पायाभूत अट आहे. एक स्वतंत्र कोपरा, जाड पडदा आणि दार ओढून घेण्याची सवय एवढ्याने ती पाळता येते.

वही, प्रमाणपत्र आणि मोबाइल

महाविद्यालयीन आरोग्य केंद्रांतील गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून होते. पहिली टेबलावरची उघडी वही. तीत नावाऐवजी क्रमांक लिहिला आणि तक्रारीचा रकाना डॉक्टरांच्या कपाटातील स्वतंत्र कागदावर नेला, तर रांगेत वाचण्यासारखे काही उरत नाही. दुसरी जागा रजेचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्राच्या प्रचलित नमुन्यात आजाराचे नाव लिहिण्याची जागा असते, आणि ते नाव वर्गशिक्षक, लिपिक, अधीक्षक, परीक्षा विभाग अशा चार हातांतून जाते. महाविद्यालयाला खरे पाहता इतकेच कळायला हवे की अमुक विद्यार्थी अमुक ते अमुक तारखेपर्यंत हजर राहण्यास असमर्थ होता आणि आता समर्थ आहे. विद्यार्थ्याने विनंती केल्यास आजाराचे नाव असलेला कागद बंद लिफाफ्यात प्राचार्यांकडे देता येतो. ही व्यवस्था घालून देण्यासाठी प्राचार्यांच्या एका परिपत्रकापलीकडे काही लागत नाही.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची, खिशातला मोबाइल. रक्ताचा अहवाल प्रयोगशाळेकडून व्हॉट्सॲपवर येतो. मदतनीस तो डॉक्टरांना पाठवतो, डॉक्टर सल्ल्यासाठी ओळखीच्या तज्ज्ञाला पाठवतात, वसतिगृहाचे अधीक्षक समितीच्या गटात टाकतात. प्रत्येक टप्प्यावर हेतू चांगलाच असतो. पण जुना केसपेपर कपाटात धूळ खात पडायचा आणि शेवटी रद्दीत जायचा. हा अहवाल बारा मोबाइलांत वर्षानुवर्षे राहतो, आणि त्यातला एखादा मोबाइल घरातील लहान मुलाच्या हातात खेळायला दिलेला असतो. अहवाल पुढे पाठवायचाच असेल, तर नाव झाकून पाठवणे एका बोटाचे काम आहे.

सरकारी पातळीवर नोंदी डिजिटल होत आहेत. २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर राबवले जात आहे आणि त्यात प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो. या रचनेत एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्याला दाखवण्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी लागते, आणि ती संमती मागेही घेता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी केलेली संमती आवश्यक मानली आहे. प्रवेशाच्या गडबडीत पंचवीस कागदांवर सह्या करताना विद्यार्थी आणि पालक संमतीपत्रही न वाचता सही करून टाकतात. त्यात ‘सर्व प्रयोजनांसाठी’ असे शब्द असतील, तर ते खोडून ‘उपचारासाठी’ असे लिहून द्यावे. व्यापारात कोऱ्या हुंडीवर कोणी सही करत नाही.

नाशिकमध्ये जूनपासून पुन्हा प्रवेश सुरू होतील. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर ट्रंका आणि गाद्या घेऊन रिक्षा उभ्या राहतील. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी होईल, तेव्हा वजन, उंची, रक्तदाब यांच्या नोंदी एका टेबलावर घेतल्या जातील. वसतिगृह समितीच्या एखाद्या विश्वस्ताने त्या दिवशी अर्धा तास काढून रांगेच्या शेवटी उभे राहावे आणि तेथून काय काय ऐकू येते, काय काय वाचता येते, ते पाहावे.